सार्जंट ॲल्व्हिन यॉर्क : एक शिपाई, एक गृहस्थ

शब्बाथशाळेत दहा आज्ञा शिकविण्याची वेळ आली, की सहाव्या आज्ञेपाशी वर्ग हमखास अडतो. बेळगाव किंवा महू यांसारख्या छावणीच्या गावी तर अडतोच अडतो. एखादा मुलगा उभा राहतो आणि विचारतो, की खून करू नको असे देवाने सांगितले आहे, तर मग माझे बाबा फौजेत कसे? शिक्षक घड्याळाकडे पाहतात आणि पुढल्या आज्ञेकडे वळतात. हा प्रश्न अमेरिकेतील एका डोंगराळ खेड्यातल्या जेमतेम शिकलेल्या माणसाने स्वतःला विचारला, आणि तो त्याने टाळला नाही. पुढे तोच माणूस पहिल्या महायुद्धातील अमेरिकेचा सर्वांत नावाजलेला शिपाई ठरला. सार्जंट यॉर्क हे नाव जुन्या वाचकांपैकी काहींनी सिनेमामुळे ऐकले असेल. परंतु सिनेमा लढाईपाशी आणि लग्नापाशी संपतो, आणि या माणसाचे आयुष्य तर तेथून पुढे पंचेचाळीस वर्षे चालले.

ॲल्व्हिन कलम यॉर्क याचा जन्म १३ डिसेंबर १८८७ रोजी टेनेसी राज्यातील पॉल मॉल या खेड्यात झाला. खेडे कसले, वुल्फ नावाच्या लहानशा नदीच्या खोऱ्यातील पाचपंचवीस घरे. वडील विल्यम आणि आई मेरी यांच्या अकरा मुलांपैकी हा तिसरा. घर लाकडी ओंडक्यांचे, शेत खडकाळ. वडील शेतीबरोबर लोहारकाम करीत, पण त्यांचा जीव खरा शिकारीत. शाळा उन्हाळ्यात थोडे आठवडे भरे, आणि नेमके तेव्हाच शेतात हात हवे असत. सारे दिवस एकत्र मोजले तर ॲल्व्हिनच्या वाट्याला सुमारे नऊ महिन्यांचेच शिक्षण आले. अक्षरओळख झाली, वाचता येऊ लागले, एवढेच.

बंदूक मात्र तो लहानपणीच शिकला. त्या भागात नेमबाजीच्या शर्यती होत. टर्की नावाचा मोठा पक्षी ओंडक्यामागे बांधून ठेवायचा, त्याचे हलणारे डोके तेवढे वर दिसायचे, आणि दूरवरून नेम धरायचा. ज्याची गोळी लागेल त्याचा पक्षी. वडील या कामी कडक होते. निष्काळजीपणाने झाडलेली गोळी त्यांना खपत नसे. ॲल्व्हिन थोड्याच वर्षांत पंचक्रोशीत अव्वल नेमबाज ठरला. हे येथे सांगितले ते मौजेखातर नव्हे. पुढे याचे काम पडणार आहे.

१९११ मध्ये वडील वारले. थोरले दोघे भाऊ लग्ने होऊन वेगळे झाले होते. आई आणि पाठची भावंडे यांचा भार चोविशीच्या आत असलेल्या ॲल्व्हिनवर पडला. काम तो करी. आळशी तो कधीच नव्हता. पण शनिवार आला की मित्रांबरोबर केंटकी राज्याच्या हद्दीकडे जाई. तेथे अगदी हद्दीच्या रेषेवर दारूचे अड्डे होते. दारू, जुगार, मारामाऱ्या, यांत आठवड्याची मिळकत जाई. मेरीबाई त्याच्यासाठी दिवा लावून बसत. तो पहाटे परते तेव्हाही त्या जाग्याच असत. रागावण्यापेक्षा त्या विनवीतच अधिक. त्याच्या एका जिवलग मित्राचा अशाच एका अड्ड्यावरील मारामारीत जीव गेला, तेव्हा मात्र त्याच्या मनाला धक्का बसला. आणखीही एक कारण होते. शेजारच्या विल्यम्स कुटुंबातील ग्रेसी नावाची मुलगी त्याला आवडू लागली होती. ती त्याच्याहून बारातेरा वर्षांनी लहान, चर्चला नेमाने जाणारी. असल्या उडाणटप्पू माणसाला मुलगी द्यायला तिच्या घरचे मुळीच तयार नव्हते, आणि त्यांचे काही चुकत होते असे कोणी म्हणणार नाही.

१९१४ च्या अखेरीस त्या खोऱ्यात उज्जीवन सभा भरल्या. ॲल्व्हिन रोज रात्री जाऊन मागच्या बाकावर बसे. १ जानेवारी १९१५ रोजी त्याने आपले जीवन प्रभूच्या स्वाधीन केले. दारू सुटली, जुगार सुटला, आणि परत कधी आला नाही. ख्रिस्ती ऐक्यातील ख्रिस्तमंडळी असे नाव असलेल्या एका लहान पंथाची मंडळी तेथे होती. दारू, नाच, मारामारी या सर्वांविषयी ती फार कडक असे. थोड्याच काळात तो तिचा वडील झाला, गीतांचे पुढारपण करू लागला आणि शब्बाथशाळेत शिकवू लागला. नऊ महिन्यांची शाळा शिकलेला शिक्षक! पण मुलांना तो आवडे.

पाळक होते रोझियर पाइल. लहान गावात एका माणसाच्या डोक्यावर पुष्कळ टोप्या असतात, त्याप्रमाणे पाइलसाहेब गावचे दुकान चालवीत, टपालाचे काम पाहत आणि १९१७ साली अमेरिका युद्धात उतरल्यावर सैन्यभरतीची नोंदणीही त्यांच्याकडेच आली. ५ जून १९१७ रोजी ॲल्व्हिन आपल्याच पाळकांसमोर नाव नोंदवायला उभा राहिला. सवलत मागता का, या रकान्यात त्याने आपल्याला लढायचे नाही एवढेच चार शब्दांत लिहून दिले. पुढे अर्ज केले, अपील केले. पाळकांनीही आधार दिला. उत्तर आले, की या पंथाचा पवित्र शास्त्राखेरीज युद्धाविरुद्ध असा वेगळा लेखी सिद्धांत नाही, सबब अर्ज नामंजूर. शास्त्रालाच आपला सिद्धांत मानणाऱ्या मंडळीला हे ऐकून काय वाटले असेल, याची आपण कल्पना करू शकतो.

नोव्हेंबर १९१७ मध्ये तो जॉर्जिया राज्यातील कॅम्प गॉर्डन येथे दाखल झाला आणि पुढे ८२ व्या डिव्हिजनच्या ३२८ व्या पायदळ रेजिमेंटमध्ये त्याची नेमणूक झाली. त्या तुकडीत इटलीहून, पोलंडहून आलेल्यांची मुले होती, शहरातील कामगार होते. त्यांतल्या अनेकांनी बंदूक कधी हाती धरलेली नव्हती. त्यांच्या गोळ्या निशाणाला सोडून इतरत्र सर्व ठिकाणी लागत. डोंगरातला हा लालसर केसांचा धिप्पाड शिपाई मात्र एकही नेम चुकवीत नसे. आणि तोच आपल्या कॅप्टनकडे जाऊन सांगे, की मला माणसे मारण्याविषयी शंका आहे.

या ठिकाणी दुसरे अधिकारी असते तर त्याला भित्रा ठरवून कोठडीत टाकले असते. कॅप्टन डॅनफर्थ यांनी तसे केले नाही. त्यांनी त्याला बटालियनचे प्रमुख मेजर जॉर्ज एडवर्ड बक्स्टन यांच्याकडे नेले. बक्स्टन हे ऱ्होड आयलंडचे, सुशिक्षित घराण्यातले, आणि पवित्र शास्त्राचे चांगले जाणकार. एका रात्री हे तिघे मेजरसाहेबांच्या खोलीत शास्त्र उघडून बसले. यॉर्कपाशी सहावी आज्ञा होती, डोंगरावरील प्रवचन होते, प्रभूने पेत्राला तरवार म्यान करायला लावल्याचा प्रसंग होता. बक्स्टन यांनी लूकच्या बाविसाव्या अध्यायाकडे बोट दाखविले, तेथे प्रभू शिष्यांना अंगरखा विकून तरवार घ्यायला सांगतो. कैसराला द्यावयाच्या नाण्याची आठवण दिली. यहेज्केलाच्या तेहतिसाव्या अध्यायातील पहारेकऱ्याविषयीचे वचन वाचले, की तरवार येताना दिसत असून जो कर्णा वाजवीत नाही त्याच्याकडून रक्ताचा झाडा घेतला जाईल. कोणी कोणावर ओरडले नाही. मेजरने शिपायाला हुकूम केला नाही आणि शिपायानेही मेजरचे म्हणणे केवळ हुद्द्यासाठी मानले नाही. शेवटी यॉर्कने विचार करायला वेळ मागितला, आणि मार्च १९१८ मध्ये त्याला दहा दिवसांची रजा देऊन घरी पाठविण्यात आले. रजेनंतरही मन न वळल्यास रणांगणाबाहेरचे काम देण्याची बक्स्टन यांची तयारी होती.

आपल्या मंडळ्यांतून मतभेदाच्या सभा कशा चालतात हे पाहिलेल्या माणसाला त्या रात्रीचा हेवा वाटावा.

घरी आल्यावर पाळकांशी बोलणे झाले, आईशी झाले. आईला तर मुलगा जाऊच नये असे वाटत होते. मग तो घरामागच्या डोंगरावर एकटा गेला. एक दिवस, ती संपूर्ण रात्र आणि दुसऱ्या दिवसाचा काही भाग तो तेथे गुडघ्यांवर होता. खाली आला तेव्हा त्याचे मन शांत होते. आपण गेले पाहिजे आणि आपण सुखरूप परत येऊ, अशी त्याची खात्री झाली होती. आईला त्याने तसे सांगितले. आता यावर कोणी म्हणेल, की देवाने त्याला जे उत्तर दिले तेच आपल्याला का मान्य व्हावे? त्याच काळात, त्याच शास्त्राच्या आधारे, अमेरिकेत आणि इंग्लंडातही कित्येक क्वेकर व मेनोनाइट तरुणांनी बंदूक नाकारली आणि त्यापायी तुरुंगवास भोगला. त्यांची प्रार्थना कमी प्रामाणिक होती असे म्हणण्याचे धैर्य प्रस्तुत लेखकाला नाही. यॉर्कनेही तसे कधी म्हटल्याचे आढळत नाही.

मे महिन्यात त्याची पलटण फ्रान्सला रवाना झाली.

८ ऑक्टोबर १९१८. आर्गॉनच्या जंगलातील शातेल-शेहेरी नावाच्या गावाजवळची एक दरी. सकाळी पलटण उघड्या मैदानातून पुढे सरकली आणि तिन्ही बाजूंच्या टेकड्यांवरील जर्मन मशीनगनांनी तिला अक्षरशः कापून काढले. तेव्हा सार्जंट बर्नार्ड अर्ली यांच्या हाताखाली सतरा जणांची एक टोळी झाडीतून वळसा घालून शत्रूच्या पिछाडीला पाठविण्यात आली. यॉर्क त्यांत कॉर्पोरल होता. हे लोक अचानक एका जर्मन ठाण्यावर जाऊन आदळले. तेथले सैनिक न्याहारी करीत बसले होते; ते गोंधळून शरण आले. इतक्यात वरच्या टेकडीवरील मशीनगन्स वळल्या आणि क्षणभरात सहा अमेरिकन ठार व तीन जखमी झाले. जखमींत अर्ली होते. मेलेल्यांत कॉर्पोरल मरे सॅव्हेज होता, यॉर्कचा त्या पलटणीतला सर्वांत जवळचा सोबती.

उरलेल्यांत हुद्द्याने यॉर्क वडील. बाकीचे सात जण कैद्यांवर नजर ठेवून जमिनीला चिकटले. तो उताराच्या पायथ्याशी पडून, नंतर उभा राहून, गोळ्या झाडीत राहिला. वरच्या जर्मनांना खाली नेम धरण्यासाठी खंदकातून डोके वर काढावे लागे, आणि डोके वर आले की ते ओंडक्यामागच्या पक्ष्यासारखे त्याच्या नेमात येई. सहा जर्मन संगिनी रोखून त्याच्यावर धावून आले. त्याने पिस्तूल उपसले आणि सर्वांत मागच्यापासून सुरुवात करून पुढच्यापर्यंत सहाही जणांना टिपले. रानटी टर्कीचा थवा असाच मागून टिपायचा असतो, म्हणजे पुढच्यांना कळत नाही, हे त्याला गावीच ठाऊक झाले होते. मध्ये मध्ये तो वरच्यांना शरण येण्यासाठी ओरडून सांगत होता, कारण आवश्यक त्याहून एकही जास्त माणूस मारण्याची त्याची इच्छा नव्हती. अखेर पकडलेल्या जर्मन लेफ्टनंट फोल्मर यांनी आपल्या लोकांना शरण येण्याचा हुकूम देण्याची तयारी दाखविली. परतीच्या वाटेवर आणखी ठाणी शरण आली. पलटणीत पोहोचल्यावर मोजणी झाली तेव्हा कैदी भरले १३२. त्या सकाळी यॉर्कच्या गोळ्यांनी वीसहून अधिक माणसे मेली होती.

येथे न्यायाची एक गोष्ट नोंदवली पाहिजे. वर्तमानपत्रांनी पुढे हे सर्व एकट्या यॉर्कने केले असे रंगविले. त्याच्या सोबत्यांपैकी काहींना याचे वाईट वाटले आणि त्यांनी पुढे तक्रारही केली. कैद्यांना सांभाळणारे सात जण नसते तर तो वर पाहू शकला नसता, हे उघडच आहे. सार्जंट अर्ली यांना त्यांच्या वाट्याचे मोठे शौर्यपदक १९२९ मध्ये मिळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी यॉर्क परवानगी घेऊन त्याच दरीत परत गेला. कोणी जखमी जिवंत राहिला असेल तर त्याला आणावे, हा हेतू. कोणीही राहिले नव्हते. मग त्याने तेथे प्रार्थना केली. आपल्या सहा जणांसाठी केली आणि जर्मनांसाठीही केली. शौर्यपदकाच्या कागदांत या प्रार्थनेचा उल्लेख नाही, पण आम्हांस त्या दोन दिवसांतील ही घटना अधिक बोलकी वाटते.

त्याला सार्जंट केले गेले. अमेरिकेचे सर्वोच्च मेडल ऑफ ऑनर मिळाले, फ्रान्सनेही सन्मान केला. एप्रिल १९१९ मध्ये एका मोठ्या अमेरिकन साप्ताहिकाने त्याची हकीकत छापली, आणि २२ मे रोजी तो न्यूयॉर्क बंदरात उतरला तेव्हा सारा देश त्याला ओळखत होता. मिरवणूक झाली, मेजवानी झाली. तुम्हांला काय पाहायचे आहे असे विचारले, तेव्हा जमिनीखालून धावणारी आगगाडी पाहायची आहे असे त्याने सांगितले. ती दाखविण्यात आली. मग त्याने घरी जाण्याची घाई चालविली.

त्या पंधरवड्यात त्याच्यासमोर आलेल्या मोहाची आपल्याला नीट कल्पना येणार नाही. सिनेमावाले, नाटकवाले, मालाच्या जाहिरातींत नाव व छबी वापरू इच्छिणारे व्यापारी, सगळे करारनामे घेऊन उभे होते. आयुष्यभर डोंगरात मजुरी करून मिळाला नसता एवढा पैसा एका सहीवर मिळत होता. त्याने सर्वांना नकार दिला. जे केले ते आपल्याला करावे लागले. ते विकायचे नाही. त्याची गणवेशातील कीर्ती विक्रीला नव्हती.

७ जून १९१९ रोजी पॉल मॉलच्या डोंगरउतारावर, उघड्या आकाशाखाली, ग्रेसी विल्यम्स हिच्याशी त्याचे लग्न झाले. राज्याच्या गव्हर्नरांनी लग्न लावले, जवळ पाळक पाइल उभे होते, आणि लोक हजारोंनी जमले. ग्रेसीने त्याची वाट पाहिली होती. येथून पुढे मात्र आपल्याला यॉर्क यांना अहोजाहो केले पाहिजे, कारण ते आता घरधनी झाले.

नॅशव्हिलच्या रोटरी क्लबाने वर्गणी काढून त्यांना ४०० एकरांची शेती देऊ केली. ही एकच भेट त्यांनी स्वीकारली, आणि हीच त्यांना भोवली. वर्गणी पुरी पडली नाही. जमिनीवर कर्ज राहिले. युद्धानंतर शेतमालाचे भाव कोसळले आणि १९२१ मध्ये देशाचा हा वीर हप्ते भरता न आल्याने जमीन गमावण्याच्या बेतात आला. वर्तमानपत्रांत बोभाटा झाल्यावर लोकांनी पुन्हा पैसे जमविले व जमीन वाचली. अशा रीतीने दुसऱ्यांच्या दयेवर राहण्याची त्यांना फार शरम वाटली.

घरीही सुरुवात दुःखाने झाली. पहिला मुलगा १९२० मध्ये जन्मला आणि थोड्याच दिवसांत गेला. ग्रेसीबाईंना एकूण दहा मुले झाली. त्यांतील तिघे बालपणीच गेली. मुलांची नावे यॉर्क यांनी मोठ्या हौसेने देशाच्या इतिहासातून निवडली: वुड्रो विल्सन, अँड्र्यू जॅक्सन, टॉमस जेफर्सन, आणि एका मुलीचे नाव बेट्सी रॉस, जिने अमेरिकेचा पहिला ध्वज शिवला अशी आख्यायिका आहे. एका मुलाचे नाव मात्र जॉर्ज एडवर्ड बक्स्टन. शास्त्र उघडून बसलेल्या त्या मेजरला वडिलांनी आपल्या घरात असे कायमचे ठेवले. युद्धाच्या गोष्टी मात्र ते घरात क्वचितच काढीत. वृद्ध मेरीबाई १९४३ पर्यंत जगल्या आणि नातवंडांत रमल्या. ज्या मुलासाठी त्यांनी रात्री जागविल्या, तो आता संध्याकाळी घरी असे.

परंतु परदेश पाहून आलेल्या यॉर्क यांना एक गोष्ट आता सलत होती. आपल्या खोऱ्याबाहेर केवढे जग आहे, आणि आपण त्याला सामोरे जाताना किती अडाणी होतो! नकाशा वाचता येत नव्हता, चार माणसांत बोलता येत नव्हते. आपल्या डोंगरातील मुलांचे असे होऊ नये. १९२० नंतरच्या दशकात ते गावोगाव व्याख्याने देत हिंडले. लोक यायचे ते आर्गॉनची लढाई ऐकायला. यॉर्क ती थोडक्यात आटोपून शाळेवर यायचे. शाळेची इमारत हवी, रस्ता हवा, मुलांना आणायला गाड्या हव्यात. स्वतःसाठी नाव विकायला नाकारणारा हा माणूस दुसऱ्यांच्या मुलांसाठी तेच नाव घेऊन दारोदार हात पसरत होता. हा विरोध वरवरचा आहे. विचार केला तर त्यात विरोध नाही.

१९२६ मध्ये काउंटीच्या ठिकाणी, जेम्सटाउन येथे, त्यांच्या नावाची कृषी व उद्योग शिक्षण देणारी संस्था उभी राहू लागली. आणि मग जे आपल्याकडे घडते तेच तेथेही घडले. जागा कोठली, अधिकार कोणाचा, पैसा कोणाच्या हाती, यांवरून स्थानिक पुढाऱ्यांशी वर्षानुवर्षे भांडण. नेमबाजी सोपी होती. कमिटीच्या सभा अवघड गेल्या. यॉर्क हट्टी होते, हिशेबात कच्चे होते, कारभाराची त्यांना सवय नव्हती, हेही खरे आहे. पण शिक्षकांचा पगार थकला तेव्हा त्यांनी आपली शेती गहाण टाकली. जी शेती जाता जाता वाचली होती तीच! मुलांच्या बसगाड्यांचा खर्चही त्यांनी पदरचा केला. १९३६ मध्ये त्यांना अध्यक्षपद सोडावे लागले, आणि ज्याला स्वतःला शिक्षण नाही त्याने शाळा कशी चालवावी, असे बोलणारेही निघाले. १९३७ मध्ये राज्य सरकारने संस्था ताब्यात घेतली. नाव मात्र त्यांचेच राहिले. खोऱ्यात पक्का रस्ता आला तोही बराचसा त्यांच्या खटपटीने.

डोंगरावर त्या रात्री सुटलेला प्रश्न कायमचा सुटला होता का? तसे दिसत नाही. १९३० नंतरच्या काही वर्षांत, जर्मनीत पुन्हा शस्त्रे जमू लागली तेव्हा, गेल्या युद्धाने काय साधले अशी शंका त्यांनी उघडपणे बोलून दाखविली. पुढे हिटलरची पावले पाहून त्यांचे मत पुन्हा बदलले आणि अमेरिकेने तयार राहिले पाहिजे असे ते सांगू लागले. लोकांनी दोन्ही वेळा त्यांना नावे ठेवली.

जेसी लास्की नावाचा सिनेमा निर्माता १९१९ पासून त्यांच्या मागे होता. दोन दशकांनंतर यॉर्क यांनी होकार दिला, तो अटी घालून. आपली भूमिका गॅरी कूपर यांनीच करावी. ग्रेसीची भूमिका करणारी नटी सिगारेट ओढणारी नसावी. मिळणारा पैसा त्यांना पवित्र शास्त्राचे शिक्षण देणारी एक शाळा बांधायला हवा होता. १९४१ मध्ये सिनेमा निघाला, प्रचंड चालला आणि कूपर यांना ऑस्कर मिळाले. शास्त्राची शाळा बांधली गेली, पण युद्धाच्या दिवसांत विद्यार्थी मिळेनात व ती फार दिवस चालली नाही.

दुसऱ्या महायुद्धात पन्नाशी उलटलेल्या यॉर्क यांनी पुन्हा भरती होण्याचा प्रयत्न केला. वजन वाढले होते, प्रकृती बरी नव्हती. लढाईवर घेतले गेले नाही, पण मेजरचा हुद्दा देऊन छावण्यांतून फिरण्याचे काम दिले. शिवाय ते आपल्या काउंटीच्या सैन्यभरती मंडळाचे प्रमुख झाले. म्हणजे १९१७ साली ज्या टेबलापुढे ते उभे होते, त्या टेबलामागे आता ते स्वतः बसले होते. समोर येणारी मुले त्यांनी शाळेसाठी वणवण केली त्याच खोऱ्यांतली होती.

शेवटची वर्षे कष्टात गेली. हातातला पैसा त्यांनी शाळांना, मंडळीला, दारी येणाऱ्याला देऊन टाकला होता. आणि १९५० नंतर सरकारच्या करखात्याने सिनेमाच्या उत्पन्नावरील कर थकल्याचा दावा लावला. व्याजासह ती रक्कम १,७२,००० डॉलरपर्यंत गेली. फेडायला त्यांच्यापाशी काही नव्हते. १९५४ मध्ये मेंदूत रक्तस्राव होऊन ते अंथरुणाला खिळले आणि पुन्हा चालले नाहीत. सरकार, थकलेला कर आणि अंथरुणावरचा वीर, असा हा खेळ कित्येक वर्षे चालला. शेवटी १९६१ मध्ये २५,००० डॉलरवर तडजोड झाली, आणि ते पैसेही देशभरच्या लोकांनी वर्गणीने भरले. दहा वर्षे ग्रेसीबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. लढाईवरून आलेल्या नवऱ्याची वाट पाहणे एकदाच संपते असे नाही.

२ सप्टेंबर १९६४ रोजी नॅशव्हिल येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात यॉर्क प्रभूमध्ये निजले. वय शहात्तर. राष्ट्राध्यक्षांच्या वतीने जनरल रिजवे अंत्यविधीला आले होते. वुल्फ नदीकाठच्या गावच्या दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. आपल्याला लढाईपेक्षा शाळेसाठी आठवावे, अशी इच्छा त्यांनी हयातीत बोलून दाखविली होती. लोकांनी अर्थातच उलटे केले.

ग्रेसीबाई त्यांच्यामागे वीस वर्षे जगल्या. १९७२ मध्ये त्यांचा एक मुलगा कॉन्स्टेबल म्हणून कामगिरीवर असताना गोळी लागून मेला. तेही त्यांनी पाहिले. १९८४ मध्ये त्यांना नवऱ्याशेजारीच ठेवण्यात आले. ते घर आणि नदीवरची यॉर्क यांची पिठाची गिरणी राज्य सरकारने जतन केली आहे. जेम्सटाउनची शाळा आजही भरते, आणि सकाळी डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवरून मुले तेथे बसने येतात.